धुऱ्यावरचं लेकरू

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, कापूस वेचायला निघालेल्या बायांना शेजारच्या गावातल्या तुरीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक टोपलं दिसलं. टोपल्यात जुन्या लुगड्याच्या घड्या आणि त्या घड्यांत एका दिवसाची पोर. नाळ गोधडीच्या जाड दोऱ्याने बांधलेली. म्हणजे बाळंतपण कुठेतरी घरातच, कोणाच्या तरी घाबरलेल्या हातांनी झालेलं. मी पोहोचलो तेव्हा गावची आरोग्य कार्यकर्ती असलेल्या आशाताईने तिला छातीशी धरलं होतं आणि पोलीस पाटील फोनवर होते. गर्दीतल्या एका म्हातारीने बाळाचा गाल हळूच वळवून मला दाखवला. गालावर काजळाची तीट होती. म्हातारी म्हणाली, "पाह्य भाऊ, जिले टाकाचं असते थे तीट लावत नाही."

दुपारपर्यंत त्या बाळाचा व्हिडिओ तालुक्यातल्या फोनाफोनावर फिरला आणि संध्याकाळपर्यंत लोक दोन बाजूंना उभे राहिले. एक बाजू म्हणत होती, त्या बाईला शोधा, भर चौकात उभी करा, पुन्हा कोणाची हिंमत होऊ नये. दुसरी बाजू मऊ मनाची होती. झालं ते झालं, पंचक्रोशीत इतकी निपुत्रिक जोडपी आहेत, एखाद्याच्या ओटीत घाला, सरकारच्या दारात कशाला नेता? वाद चार दिवस चालला, पारावर चालला, कृषी केंद्राच्या बाकड्यावर चालला. मी दोन्हीकडचं ऐकत होतो. पहिल्यांच्या बोलण्यात सगळी ती आई होती, दुसऱ्यांच्या बोलण्यात सगळं ते निपुत्रिक जोडपं होतं. टोपल्यातल्या पोरीला काय लागेल, हा प्रश्न दोघांनाही पडला नव्हता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नको असलेलं मूल सोपवायची वाट आपल्या कायद्यात आहे, पण ती खेड्यात पोहोचलेली नाही, म्हणून मुलं धुऱ्यावर येतात. आईला धाक घालून ती थांबणार नाहीत. आणि अशा बाळाला घर मिळायला हवं हे जितकं खरं, तितकंच ते घर कागदावर पक्कं, कोणालाही हिरावता न येणारं हवं हेही खरं. गावाने चार लोकांसमोर दिलेलं घर तसं नसतं.

ही वाट कोणती, हे मी त्या चार दिवसांत किमान वीस माणसांना विचारलं. त्यांत शिक्षक होते, ग्रामपंचायत सदस्य होते, एक वकीलही होते. एकालाही नीट सांगता आलं नाही. बाल न्याय कायदा २०१५ चा. त्याच्या कलम ३५ प्रमाणे ज्या आई-बापाला शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे मूल सांभाळणं अशक्य आहे, त्यांना ते बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येतं. समिती चौकशी करते, समजावते, मग सोपवल्याचा लेख होतो. त्यानंतरही फेरविचाराला साठ दिवस मिळतात. त्या मुदतीत आई आपलं बाळ परत मागू शकते. लग्न न झालेल्या आईच्या बाबतीत तिची एकटीची सही पुरते, बापाला शोधत फिरावं लागत नाही. वर्तमानपत्रात नाव येत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला तरी सुरुवात होते. प्रत्येक जिल्ह्यासाठी बालकल्याण समिती आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. पण जिल्ह्याचं गाव आमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटर, आणि ज्या पोरीला पोट लपवायला मामाच्या गावी धाडलेलं असतं तिला एसटीचं तिकीट काढायचीही मुभा नसते. तिच्यापर्यंत जी पोहोचू शकते ती आशाताई. पण गरोदर बाईची नोंद होते ती नवऱ्याच्या नावासकट. जिला नवरा नाही तिची नोंद करायला ताईचा हात धजत नाही, आणि पोरीची आई तर ताईला दारातही येऊ देत नाही.

आता शिक्षेची बाजू. तिच्यातला राग मला खोटा वाटत नाही. थंडीच्या रात्री उघड्यावर ठेवलेलं नवजात बाळ काही तासांत गार पडून जाऊ शकतं, रानात कुत्री असतात, कोल्हे असतात. या पोरीचं नशीब की बाया झुंजूमुंजूलाच वावरात निघाल्या. आणि काही वेळा बाळ टोपल्यात नसतं, विहिरीत असतं. तो खून आहे, त्याला दुसरं नाव नाही, आणि तिथे पोलिसांनी आपलं काम करायलाच हवं. कायद्यातही शिक्षा आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ प्रमाणे बारा वर्षांखालच्या मुलाला टाकून देणाऱ्या आईला किंवा बापाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मग धाक कमी पडतो असं म्हणायला जागा कुठे उरली? सात वर्षं कमी आहेत म्हणून ती बाई रात्री धुऱ्यावर आली का? ती आली कारण दवाखान्यात गेली तर नाव विचारतील, नावामागे बापाचं नाव विचारतील, त्यामागे पोलीस येतील असं तिला वाटलं. धाक वाढवा आणि पुढच्या वेळी टोपलं आणखी आत, जिथे सकाळी कोणी जात नाही अशा नाल्यात सापडेल. या बाईने तर वाटेवरची जागा निवडली होती, बाया जायच्या वेळेच्या आधीची वेळ निवडली होती, बाळाला पाजलेलं होतं. बाळ कोणाला तरी सापडावं असंच तिला वाटत होतं. हे कायद्यालाही कळतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये मुलाकडे दुर्लक्ष करणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे, आणि तिथेच पुढे लिहिलं आहे की जन्मदात्यांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं असेल तर ते जाणूनबुजून केलेलं धरू नये, ही शिक्षा त्यांना लागू करू नये. कायदा करणाऱ्यांनी केलेला हा विचार आपल्या पारावर कोणी बोलून दाखवत नाही.

आणि कलम ९३ मध्ये 'बाप' हा शब्द आहे, तो कोणाच्या लक्षात येतो का? त्या चार दिवसांत मी 'निर्दयी माता' हे शब्द किती वेळा वाचले याची गणती नाही. 'निर्दयी पिता' एकदाही वाचलं नाही. बाळ एकटीने होतं का? हा प्रश्न नवा नाही आणि तो विचारणारी बाई याच मातीतली होती. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर आपलं मूल मारल्याचा खटला झाला, आधी फाशी आणि नंतर काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. त्यावर १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं की दोष बायकांच्याच माथी का? बुलढाण्याच्या बाईने विचारलेल्या त्या प्रश्नाला विदर्भाने अजून उत्तर दिलेलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणीकडे जा. तिथल्या कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला, विधिमंडळापर्यंत गेला. कोलाम आदिवासींच्या पोरी, आणि त्यांना फसवून निघून गेलेले बाहेरचे ठेकेदार, मुकादम, व्यापारी. त्या पोरींनी लेकरं धुऱ्यावर ठेवली नाहीत. मोलमजुरी करून वाढवली. त्यांच्या लेकरांना बापाचं नाव आणि पोटगी मिळवून देण्यासाठी एवढ्या हिरिरीने चौकात उभं राहिलेलं कोणी मी पाहिलं नाही.

शिक्षेपेक्षा आडोसा द्यावा हे तर या महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. जाहिराती लावून विधवांना सांगितलं की इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या खुशीवर. पुढे १८७५ च्या सुमारास पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असंच गृह उभं राहिलं, कारण यात्रेच्या निमित्ताने आलेल्या विधवांची मुलं तिथे मागे राहत होती. तेव्हाही लोक म्हणाले असतीलच की याने अनीतीला ऊत येईल. पण त्या दारातून जी मुलं जिवंत बाहेर आली त्यांच्याकडे पाहून त्या आक्षेपाचं काय करायचं?

तरी हा आक्षेप आजच्या रूपात गंभीर आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. तो असा: सोपवणं इतकं सोपं केलं तर लोक मुली सोपवतील. पहिली मुलगी, दुसरी मुलगी, तिसरी झाली की नेऊन द्या. तमिळनाडूत १९९२ साली सेलमपासून पाळणा योजना सुरू झाली. मुलींना जन्मतःच मारण्याचा प्रकार थांबावा म्हणून सरकारने पाळणे ठेवले. त्यांनी जीव वाचवले हे खरं, आणि नको असलेली मुलगी सरकारच्या पदरात घालायला वाट मिळाली ही टीकाही तिथल्याच कार्यकर्त्यांनी केली. टीका योग्य जागी लागते. नुसता पाळणा मुका असतो. त्यात बाळ ठेवून जाणाऱ्या बाईला तो काहीच विचारत नाही. सासूने पाठवलं का, नवऱ्याने धमकावलं का, दोन महिने कोणी आधार दिला तर ठेवशील का, यातलं काहीही. म्हणून मी नुसत्या पाळण्याच्या बाजूचा नाही. मला पाळण्याजवळ बसलेलं माणूस हवं आहे. समितीपुढे सोपवण्यात हे विचारणं आहे, नवरा-बायको असतील तर दोघांनी समोर येणं आहे, साठ दिवस आहेत. विवाहित जोडपं तिसरी मुलगी म्हणून बाळ घेऊन आलं तर त्यांना समजावण्याची पहिली आणि बहुधा शेवटची जागा तीच. धुऱ्यावर कोण कोणाला समजावणार?

आणि पुष्कळदा विचारलं की उत्तर निघतं. मूल नको नसतं, मुलाचा खर्च झेपत नसतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर घर विस्कटलं, लहानगं आश्रमशाळेत किंवा बालगृहात गेलं, आणि आई मात्र जिवंत आहे, मजुरीला जाते आहे, असं आपल्याकडे किती घरांत दिसतं! अशा मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे, आता ती सावित्रीबाईंच्याच नावाने चालते, महिन्याला २,२५० रुपये मिळतात. रक्कम थोडी आहे आणि हातात पडायला उशीर होतो, हे मला माहीत आहे. तरी आई आणि लेकरू एका छपराखाली राहण्यासाठी जे काही करता येईल ते आधी करावं आणि त्यानंतरच दुसऱ्या घराचा विचार करावा, या क्रमाशी माझं कुठलंही भांडण नाही.

आता दुसरी बाजू. ही मला जास्त जड जाते. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावातून एक जोडपं आलं. लग्नाला चौदा वर्षं झालेली. नवस झाले, नागपूरचे डॉक्टर झाले, दोन एकर त्यात गेलं. बाई ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून होती. पिशवीत नवं झबलं, टोपरं, दुधाची बाटली. नवऱ्याच्या हातात स्टॅम्प पेपर, मजकूर टाइप करून आणलेला, नावांच्या जागा कोऱ्या. येईल त्याच्या पाया पडत होता. "आमच्या ओटीत टाका जी, सोन्यावानी वाढवतो." ते खोटं बोलत नव्हते. त्या बाईने त्या पोरीला सोन्यासारखंच वाढवलं असतं, यात मला शंका नाही. मग दोन पावलांवर अशी ओटी पसरलेली असताना बाळाला साठ किलोमीटरवरच्या शिशुगृहात का न्यायचं, जिथे एक दाई किती बाळांना घेणार? बाळाला पहिल्या महिन्यांत कुशी लागते, तोच वास, तोच आवाज पुन्हा पुन्हा लागतो. दोन वर्षांखालच्या बाळाच्या आई-बापाचा शोध घेऊन ते दत्तक देण्यास मोकळं आहे असं ठरवायला कायद्यानेच दोन महिने दिले आहेत, आणि फाइल कुठे अडली तर महिने वाढत जातात. हा सगळा काळ बाळाच्या आयुष्यातून जातो. हे मी पूर्णपणे मान्य करतो. तरीही मी त्या जोडप्याला नाही म्हणणाऱ्यांत होतो, आणि ते का, हे नीट सांगणं माझ्यावर आहे.

माझ्या ओळखीचं एक घर. गाव सांगत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी त्यांनी असंच एक मूल आणलं, एका सुईणीच्या मध्यस्थीने, स्टॅम्प पेपरवर. देणारीचा अंगठा, खाली नाव अर्धवट. मुलाला त्यांनी जिवापाड वाढवलं. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं, गावाला सगळं ठाऊक होतं, कोणाची ना नव्हती. बाप वारला त्या दिवशी पोराने मडकं धरायला हात पुढे केला आणि चुलतभाऊ मध्ये उभे राहिले. म्हणाले, हा आमच्या रक्ताचा नाही, मडकं हा धरणार नाही. तेरवी झाल्यावर सातबारावर त्याचं नाव चढवायला हरकत घेतली. कागद दाखव म्हणाले. कागद दाखवला तर वकिलाने पहिला प्रश्न केला, दत्तक देणारी कोण होती? तिला द्यायचा अधिकार होता हे कशावरून? आठ एकर कोरडवाहूसाठी तो पोरगा अकरा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत तो एक कागद घेऊन तहसील आणि कोर्ट करत राहिला. जमिनीचं जाऊ द्या. आपल्या बापाचा आपण कोण, हे त्याला अनोळखी माणसांपुढे सिद्ध करावं लागलं आणि ते त्याच्याने झालं नाही.

दत्तकाचं हे भांडण थोरामोठ्यांच्या घरालाही सुटलेलं नाही. जोतिरावांनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, त्याला शिकवलं, तो डॉक्टर झाला. पण समाज काय करील हे ते ओळखून होते, म्हणून १८८७ साली त्यांनी रीतसर मृत्युपत्र नोंदवून यशवंताला वारस केलं. तरीही १८९० मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे ते मडकं, कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी आडवं लावलंच, आणि सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, टिटवं घेऊन चालल्या. जोतिरावांसारख्या माणसालाही नुसत्या प्रेमावर भागवता आलं नाही, कागद करावा लागला. मग धुऱ्यावरच्या पोरीला आपण कोणता कागद देणार होतो? दत्तक देणारा तसा अधिकार असलेला असावा लागतो. सापडलेलं बाळ गावाने द्यायचं तर गाव त्या बाळाचं कोण लागतं? परस्पर मूल देण्याघेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे आणि पैशांचा व्यवहार झाला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. हे कलम त्या रडणाऱ्या बाईसाठी केलेलं नाही, हे मी जाणतो. ते तिच्यामागून येणाऱ्या दलालासाठी केलेलं आहे. पण दार एकच आहे. ते तिच्यासाठी उघडं ठेवलं की त्याच दारातून तोही आत येतो, आणि त्याच्या पिशवीतही झबलंच असतं.

शिवाय 'दत्तक' म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं, हेही एकदा पाहायला हवं. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, पुढल्या वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं, आणि 'दत्तक नामंजूर' हे शब्द आपल्या इतिहासात कायमचे कोरले गेले. दत्तक म्हणजे गादीला वारस, पिंडाला हात, घराण्याला नाव. शास्त्राप्रमाणे तो मुलगाच हवा, ओळखीच्या घरातला हवा. मुलीला दत्तक घेण्याची सोय हिंदूंना मिळाली ती १९५६ च्या कायद्याने. इतक्या पिढ्या मूल हे घराची उणीव भरायला आणलं गेलं. त्या व्हरांड्यातही सगळे त्या बाईची रिकामी ओटी पाहत होते. तिची ओटी भरणं हे त्या पोरीचं काम नाही. उद्या तिला ऐकू येत नाही असं निघालं, उद्या त्या जोडप्याला स्वतःचं मूल झालं, तर? रीतसर दत्तकात घर आधी पाहिलं जातं, दोघांना वेगवेगळं विचारलं जातं, नंतरही दोन वर्षं भेटी होतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानंतर ते मूल सर्व हक्कांनिशी त्या घरचं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे आला, म्हणजे निदान एक पायरी तरी जवळ आली.

या व्यवस्थेवर माझा राग आहे तो वेगळ्या कारणासाठी. देशभरात तीस हजारांहून अधिक पालक नोंदणी करून रांगेत आहेत, लहान बाळासाठी तीन-तीन वर्षं थांबतात. त्या रांगेत आमच्या तालुक्यातलं ते चौदा वर्षं वाट पाहणारं जोडपं का नव्हतं? कारण रांग कुठे लागते हेच त्यांना कोणी सांगितलं नाही. अर्ज संगणकावर, वैद्यकीय दाखला, उत्पन्नाचा दाखला, फोटो, मग सामाजिक कार्यकर्त्याची घरभेट. पीकविम्याचा अर्ज भरून देणाऱ्या सेतू केंद्राला हा अर्ज माहीत नाही. कुडाच्या घरात, कोरडवाहू चार एकरांवर मूल वाढू शकत नाही असं कायदा कुठेही म्हणत नाही. मग आमच्या खेड्यांतली बाळं शहरांकडे जातात आणि आमच्या खेड्यांतल्या ओट्या रिकाम्या राहतात, ही लोकांची तक्रार खरी आहे. तिचं उत्तर रांग मोडण्यात नाही, या लोकांना रांगेत उभं करण्यात आहे. मी त्या जोडप्याचा अर्ज भरायला त्यांच्यासोबत बसलो. बाईने विचारलं, हीच पोर भेटन का? मी नाही म्हणालो. तिला रडू आलं, पण सही केली.

या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट मला फार लागली. बाळ सापडल्यावर गर्दीतला पहिला प्रश्न होता, जिवंत आहे का. दुसरा होता, "कोन्या जातीचं असन?" ज्या भाषेने नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आलेल्या पोरक्या जनाबाईचे अभंग सातशे वर्षं जात्यावर गायले, त्याच भाषेत एका दिवसाच्या पोरीची जात विचारली गेली. अनाथाश्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलांचा अर्जही याच रकान्यावर अडायचा. २०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिलं तेव्हा कुठे त्या रिकाम्या रकान्याला सरकारदरबारी काही अर्थ आला. पारावर तो अजून आलेला नाही.

आणि ज्यांना कोणीच मागत नाही त्यांचं काय? गोंडस, निरोगी बाळासाठी रांग आहे. डोळ्यांनी न दिसणाऱ्या, मतिमंद, चालू न शकणाऱ्या मुलासाठी रांग नाही. अचलपूर तालुक्यात, परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर नावाचं गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकरांनी रेल्वे स्टेशनवर, कचराकुंडीत, बसस्थानकावर टाकलेली अशी शंभरावर मुलं सांभाळली आणि बापाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव दिलं. गाडगेबाबांना मानणारा, परीट समाजात जन्मलेला हा माणूस. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांचे फोटो पाठवले. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी मात्र कोणी पुढे पाठवली नाही: अठरा वर्षांचं झालं म्हणून अपंग बेवारस मुलाला संस्थेच्या बाहेर काढू नका, त्याच्या आयुष्यभराची सोय करणारा कायदा करा. ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही ते मूल अठराव्या वाढदिवसाला कुठे जाईल? घर शोधणाऱ्या मुलांत या मुलांची वाट सगळ्यांत लांब आहे, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे एका म्हाताऱ्या माणसाच्या हिमतीपलीकडे फारसं काही नाही, ही गोष्ट मला त्या पुरस्काराच्या बातमीहून मोठी वाटते.

आमच्या तालुक्यात काय करता येईल ते फार अवघड नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हागणदारीमुक्तीची घोषणा रंगवता येते, तर १०९८ रंगवता येतो, आणि खाली एक ओळ: मूल सांभाळणं शक्य नसेल तर इथे सांगा, तुमचं नाव बाहेर जाणार नाही. आशाताईंच्या मासिक बैठकीत कलम ३५ वर अर्धा तास बोलता येईल. ग्रामीण रुग्णालयात एकट्या आलेल्या पोरीला नवऱ्याची सही मागणं बंद करता येईल. सज्ञान बाईला गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते, हा कायदा १९७१ पासून आहे. वेळेत गेली असती तर काहीजणींवर ही पाळी आलीच नसती. आणि फोन असलेल्या प्रत्येकाने एवढं तरी करावं, बाळाचा चेहरा दिसेल असा व्हिडिओ पुढे पाठवू नये. तसं करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. ती पोर उद्या सोळा वर्षांची होईल तेव्हा कोणाच्या तरी फोनमध्ये ती टोपल्यात रडत असायला नको.

बाळ आता शिशुगृहात आहे. वजन वाढतं आहे असं आशाताईने सांगितलं. तिथल्या बायांनी तिला नाव ठेवलं आहे, ते मी इथे लिहीत नाही. आई सापडलेली नाही. टोपलं आणि लुगडं पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून लाखेचं सील लावून ठेवलं आहे. लुगड्याला हिरवा काठ आहे, एका जागी रफू केलेला. मी ठाण्यात अर्ज दिला आहे की तपास संपल्यावर हे दोन्ही नष्ट न करता बाळाच्या फाइलसोबत बालकल्याण समितीकडे द्यावं. दत्तक गेलेल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. ती करील किंवा करणार नाही. केलाच तर आईचं नाव बहुधा त्या फाइलमध्ये नसेल. लुगडं असावं. आणि तीट तर पहिल्याच अंघोळीत पुसली गेली, तेव्हा तिच्याबद्दल कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून अर्जाच्या शेवटी मी तेही लिहिलं आहे: डाव्या गालावर, हनुवटीच्या जरा वर, बोटाच्या टोकाने लावलेली.